कार्यकर्त्याचे शिक्षण : भारत सेवक समाजाची प्रशिक्षणपद्धती आणि तिचा वारसा (१९०५–१९५६)

समाजपरिवर्तनासाठी काम करू इच्छिणाऱ्या माणसाला ते काम शिकवता येते काय, हा प्रश्न अलीकडच्या काळात पुन्हा ऐरणीवर आला आहे. समाजकार्याचे पदवी अभ्यासक्रम, स्वयंसेवी संस्थांची शिबिरे, कार्यकर्त्यांसाठी चालणारे अभ्यासवर्ग यांची संख्या वाढत गेली, तसा हा प्रश्न जणू नव्यानेच उद्भवला आहे अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः भारतात त्याचा पद्धतशीर विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता आणि त्याचे एक महत्त्वाचे केंद्र पुणे हे होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) पूर्णवेळ सार्वजनिक कार्यकर्ता घडविण्यासाठी पाच वर्षांची शिक्षणव्यवस्था आखली. १९५२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने त्याच नावाची दुसरी एक संस्था निघाली. तिच्याशी या समाजाची गल्लत होऊ नये.

या संस्थेचा विचार सामान्यतः नेमस्त राजकारणाच्या संदर्भात केला जातो. जहाल-मवाळ वादाच्या चौकटीत तिचे मूल्यमापन होते आणि तिची राजनिष्ठेची भाषा कालबाह्य ठरल्यावर तिचे शैक्षणिक अंगही विस्मरणात जाते. तथापि सामाजिक कार्यात नवे मार्ग शोधण्याचे कौशल्य कसे निर्माण होते, हे पाहावयाचे असेल तर या प्रयोगाकडे पुन्हा वळावे लागते. त्याचे यश कशात होते आणि त्याची मर्यादा नेमकी कोठे होती, याचा शोध येथे घेतला आहे.

पूर्वपीठिका

गोखल्यांच्या योजनेमागे दोन अनुभव होते. पहिला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात आजीव सदस्य मासिक ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करण्यास बांधलेले असत. सुशिक्षित तरुणांनी मर्यादित वेतनावर दीर्घकाळ एका कार्यास वाहून घेणे शक्य आहे, हे त्या व्यवस्थेने सिद्ध केले होते. गोखले स्वतः ही मुदत पुरी करून १९०२ मध्ये महाविद्यालयातून निवृत्त झाले. शिक्षणक्षेत्रात जे शक्य झाले, ते एकूण सार्वजनिक जीवनात का होऊ नये, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

दुसरा अनुभव न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखालील उमेदवारीचा. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७८ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली होती. तक्रार करण्यापूर्वी चौकशी करावी आणि चौकशीला आकड्यांचा आधार द्यावा, ही रीत त्या सभेने घालून दिली. १८८७ पासून गोखले सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करू लागले आणि अर्ज, निवेदने व अहवाल यांची कारागिरी रानड्यांच्या नजरेखाली शिकले. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष हे या उमेदवारीचे फळ होते.

त्याच वर्षी घडलेला दुसरा प्रसंग तितकाच बोधप्रद आहे. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर विधाने केली. परत आल्यावर त्या आरोपांना पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. या प्रकरणाने त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. न पारखलेल्या माहितीवर बोलण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. पुढे त्यांनी आखलेल्या शिक्षणक्रमात वाणीवर जो संयम घातला गेला, त्याची एक मुळी या अनुभवात असावी, असे मानण्यास जागा आहे.

शिक्षणक्रमाचे स्वरूप

समाजाच्या स्थापनेच्या दिवशी गोखल्यांसह चौघांनी सात प्रतिज्ञा घेतल्या. इतर तिघे होते नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. देशाला सर्वप्रथम स्थान देणे, देशसेवेत वैयक्तिक लाभ न पाहणे, जातिधर्मभेद न मानता सर्व भारतीयांस बंधू समजणे, समाज देईल त्या निर्वाहावर संतुष्ट राहणे, शुद्ध आचरण ठेवणे, कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करणे आणि संस्थेच्या ध्येयाशी एकनिष्ठ राहणे, असा त्यांचा आशय होता. सार्वजनिक जीवनास आध्यात्मिक अधिष्ठान द्यावे, हे समाजाचे घोषित ध्येय असल्याने या संस्थेला संन्यासी मठाची उपमा अनेकदा दिली गेली.

परंतु केवळ प्रतिज्ञांकडे पाहिल्यास या प्रयोगाचे वेगळेपण निसटते. त्यागाची दीक्षा देणाऱ्या संस्था भारतात पूर्वीही होत्या. त्यागाला अभ्यासाची जोड देणे आणि त्या अभ्यासाची निश्चित मुदत ठरविणे, हे गोखल्यांचे नावीन्य होते. नव्या सदस्याने पाच वर्षे प्रथम सदस्याच्या, म्हणजे गोखल्यांच्या, मार्गदर्शनाखाली राहावयाचे. त्यांपैकी तीन वर्षे समाजाच्या पुण्यातील वास्तूत अध्ययन आणि दोन वर्षे देशभर प्रवास, अशी वाटणी होती. अध्ययनात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यव्यवहार यांबरोबर सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि आकडेवारी यांचा समावेश असे. उमेदवारीच्या काळात परवानगीवाचून जाहीर भाषण वा लेखन करू नये, अशी शिस्त होती.

अभ्यास, प्रवास आणि मौन अशी ही तीन अंगे परस्परपूरक होती. ग्रंथांतून मिळालेले ज्ञान प्रवासात पारखले जाई आणि मौनामुळे घाईने मत बनविण्याचा मोह टळे. १९१५ च्या जानेवारीत मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडूनही हेच वचन घेतले. देशात हिंडून अनुभव घ्यावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत व्यक्त करू नये, असे ते वचन होते. आफ्रिकेत वीस वर्षांहून अधिक काळ लढा दिलेल्या माणसालाही ही उमेदवारी चुकली नाही. गोखल्यांच्या दृष्टीने एका समाजातील अनुभव दुसऱ्या समाजात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रथम पाहावे आणि ऐकावे लागते.

समकालीन महाराष्ट्रात याच धर्तीचा आणखी एक प्रयत्न झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये हिंगणे येथे निष्काम कर्ममठाची स्थापना केली. विधवांचा आश्रम व महिला विद्यालय यांना निःस्वार्थ कार्यकर्ते मिळावेत, हा त्याचा हेतू होता. मात्र कर्ममठ एका निश्चित कार्यासाठी माणसे तयार करीत होता. भारत सेवक समाजाने कार्य आधी ठरविले नाही. प्रथम माणूस तयार करावा, मग त्याने आपले कार्य शोधावे, अशी त्याची दिशा होती. समाजाच्या पुढील इतिहासाचे वैविध्य या फरकातून आले.

अभ्यासातून नव्या रचना

समाजाची सदस्यसंख्या नेहमीच मोजकी राहिली. तरीही तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या रचना पाहिल्या, तर शिक्षणक्रमाचा परिणाम स्पष्ट होतो.

देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह पुणे सेवासदनाच्या उभारणीत पुढाकार घेतला. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला होता. त्याचा उपयोग कर्जमुक्तीसाठी कसा करता येईल, याचा देवधरांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९२१ च्या मोपला उठावानंतर ते मलबारात निर्वासितांच्या साहाय्यासाठी गेले. तात्कालिक मदत संपल्यावर काम न थांबवता त्यांनी तेथे शिक्षण व पुनर्रचनेचे स्थायी कार्य उभे केले. केरळमध्ये त्यांचे नाव आजही शाळेच्या रूपाने टिकून आहे. मदतकार्याकडून पुनर्रचनेकडे जाण्याचा हा टप्पा त्या काळातील दानधर्माच्या कल्पनेपेक्षा निराळा होता.

नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये समाजात आले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वस्त्यांतील रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या, वैद्यकीय मदत व कायदेविषयक सल्ला अशी बहुविध कामे लीगने हाती घेतली. चाळींतील या कामातून जोशी एका निष्कर्षापर्यंत आले. कामगारांच्या हलाखीवर सेवाकार्याचा उतारा अपुरा आहे, त्यांना स्वतःची संघटना हवी. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत राहिले. रात्रशाळेपासून कामगार संघटनेपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेला नव्हता. वस्तुस्थितीचे बारकाईने निरीक्षण करावे आणि त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाला सामोरे जावे, एवढेच शिक्षण त्यामागे होते.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजेच ठक्करबाप्पा, यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले ठक्कर पूर्व आफ्रिकेतील रेल्वेच्या कामानंतर मुंबई महापालिकेच्या सेवेत आले. तेथे सफाई कामगारांच्या वस्त्या आणि त्यांचा कर्जबाजारीपणा त्यांनी जवळून पाहिला. १९१४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, नोकरीचा राजीनामा देऊन ते भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. दुष्काळी भागांत फिरताना पंचमहालातील भिल्लांची स्थिती त्यांच्या ध्यानी आली आणि १९२२ मध्ये त्यांनी दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या सेवकांनी वीस वर्षांची प्रतिज्ञा घ्यावयाची होती. फर्ग्युसन महाविद्यालयातील मुदत पुण्याच्या टेकडीखालून निघून भिल्लांच्या मुलखात पोहोचली, असे म्हणता येईल. मंडळात तयार झालेले लक्ष्मीदास श्रीकांत स्वातंत्र्योत्तर काळात अनुसूचित जाती व जमातींचे पहिले आयुक्त झाले. एका संस्थेतील प्रशिक्षणाची परंपरा दुसऱ्या संस्थेत रुजून राज्यव्यवस्थेपर्यंत कशी गेली, याचे हे उदाहरण आहे.

दोन शिक्षणपद्धतींची गाठ

गोखल्यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निधन झाले. गांधींनी समाजात यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु गांधींच्या कार्यपद्धतीविषयी सदस्यांत तीव्र मतभेद होते. ते ओळखून गांधींनी प्रवेशाचा अर्ज मागे घेतला. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री समाजाचे अध्यक्ष झाले आणि दोन वाटा वेगळ्या झाल्या.

या वेगळेपणाचे एक प्रत्यक्ष चित्र त्याच वर्षीच्या हरिद्वार येथील कुंभमेळ्यात दिसते. यात्रेकरूंच्या सेवेसाठी समाजाने हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे पथक पाठविले होते. गांधींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळी त्या पथकाच्या मदतीस गेली आणि मैला झाकण्याचे व सफाईचे काम त्यांनी अंगावर घेतले. पुण्याच्या शिक्षणक्रमात ग्रंथालय केंद्रस्थानी होते, तर आश्रमाच्या शिक्षणक्रमात खराटा. कार्यकर्त्याने समाजाचा अभ्यास करावा, ही पहिली भूमिका. ज्या कामाला समाजाने हीन ठरविले ते कार्यकर्त्याने स्वतःच्या हाताने करावे आणि त्यातून स्वतः बदलावे, ही दुसरी.

तथापि या दोन पद्धती एकमेकींस सर्वस्वी परक्या नव्हत्या. १९१७ मध्ये चंपारणात निळीच्या शेतकऱ्यांची चौकशी चालू असताना गांधींनी खेड्यांत शाळा व आरोग्याचे काम सुरू केले. त्यासाठी त्यांनी भारत सेवक समाजाकडेच डॉ. हरि श्रीकृष्ण देव यांची मागणी केली आणि ते सहा महिन्यांसाठी तेथे गेले. अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती बबनराव, आनंदीबाई वैशंपायन, बेळगावचे सोमण, पुंडलिक अशी मराठी मंडळीही त्या कामात होती. बिहारमधील खेड्यांत हिंदीचे जुजबी ज्ञान असलेल्या मराठी कार्यकर्त्यांनी कसे शिकवावे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. व्याकरण व अक्षरओळख यांपेक्षा स्वच्छता आणि चांगले वळण शिकविणे महत्त्वाचे आहे, असे गांधींनी सांगितले. स्वयंसेवक थोडे आणि त्यांचा मुक्काम अल्पकाळचा असल्याने हे काम कायमचे रुजले नाही, याची खंत गांधींच्या आत्मकथेत आढळते. बाहेरून आलेला प्रशिक्षित कार्यकर्ता निघून गेल्यावर मागे काय उरते, हा पुढील सर्व प्रयत्नांना भेडसावणारा प्रश्न चंपारणात प्रथम ठळकपणे दिसला.

शिक्षणाचा विस्तार

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत कार्यकर्त्याच्या शिक्षणाला तीन निरनिराळी वळणे मिळाली.

पहिले वळण राजकीय शिक्षणाचे. लाला लजपतराय यांनी १९२० मध्ये लाहोरला टिळकांच्या नावाने राजकारणाची शाळा काढली आणि १९२१ मध्ये लोकसेवक मंडळाची स्थापना केली. मंडळाची आजीव सदस्यत्वाची कल्पना गोखल्यांच्या संस्थेशी नाते सांगणारी होती, मात्र तिचा रोख राष्ट्रीय चळवळीकडे होता. लालबहादूर शास्त्री यांची सार्वजनिक कारकीर्द याच मंडळातून घडली. गोखल्यांची रचना आणि टिळकांचे नाव लाहोरात एकत्र यावे, ही घटना महाराष्ट्रातील पक्षभेदाच्या पलीकडे पाहावयास लावणारी आहे.

दुसरे वळण व्यावसायिक शिक्षणाचे. सोशल सर्व्हिस लीगने १९२० मध्ये मुंबईत स्वयंसेवकांसाठी अल्पमुदतीचा प्रशिक्षणवर्ग चालविला. भारतातील समाजकार्यशिक्षणाचा आरंभ बहुधा येथून मानला जातो. पुढे नागपाडा नेबरहूड हाउसचे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था मुंबईत सुरू झाली. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे प्रतिज्ञेची जागा पदवीने घेतली आणि त्यागाची जागा व्यावसायिक नीतीने. यामुळे कार्यकर्त्यास वेतन व प्रतिष्ठा मिळाली, पद्धतशास्त्र आले. त्याचबरोबर आयुष्यभराच्या बांधिलकीचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर राहिला.

तिसरे वळण संशोधनाचे. १९३० मध्ये रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. समाजाच्या शिक्षणक्रमातील अभ्यासाचे अंग अशा रीतीने स्वतंत्र झाले. एका माणसाने अभ्यास, प्रवास व कार्य ही तिन्ही करावीत, अशी गोखल्यांची अपेक्षा होती. तीस वर्षांत त्या तिन्हींसाठी निरनिराळ्या संस्था व निरनिराळी माणसे तयार झाली.

मर्यादेचे स्वरूप

भारत सेवक समाजाचा प्रभाव १९२० नंतर ओसरू लागला. त्याचे कारण सामान्यतः राजकीय मानले जाते. १९१८ मध्ये नेमस्तांनी काँग्रेसबाहेर पडून स्वतंत्र संघटना केली आणि असहकाराच्या लाटेत तरुणांचा ओढा दुसरीकडे वळला, हे खरेच आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता याहून मूलगामी मर्यादा निराळी होती.

समाजाचे चारही संस्थापक उच्चवर्णीय सुशिक्षित पुरुष होते. पाच वर्षे अध्ययन व प्रवास करण्याची अट उच्च इंग्रजी शिक्षण गृहीत धरीत होती. प्रतिज्ञेत जातिधर्मभेद नाकारला होता, परंतु शिक्षणक्रमाच्या दारावर विद्येची जी पात्रता होती, तिने तोच भेद न बोलता कायम ठेवला. परिणामी ज्यांच्यासाठी कार्य करावयाचे ते अभ्यासाचा विषय झाले. ते अभ्यासक होतील, ही शक्यता योजनेत नव्हती. सफाई कामगाराच्या कर्जाची चौकशी करणारा कार्यकर्ता समाजाने घडविला. सफाई कामगार स्वतः चौकशी करील, अशी व्यवस्था मात्र केली नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजात शेतकरी व कारागीर वर्गातून कार्यकर्ते पुढे आले होते. पुण्यातच उपलब्ध असलेला हा अनुभव गोखल्यांच्या योजनेत प्रतिबिंबित झाला नाही.

ही उणीव ओळखून वेगळी दिशा घेणारी परंपरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होय. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने शिक्षणाला अग्रस्थान दिले आणि वसतिगृहे काढली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षणशाळा सुरू केली. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले आणि शाळाही फार काळ चालली नाही. अल्पायुषी असली तरी तिचे वैचारिक महत्त्व मोठे आहे. गोखल्यांप्रमाणेच आंबेडकरांचाही सार्वजनिक कार्य शिकावे लागते यावर विश्वास होता. दोघांनीही केवळ उत्साहाला पुरेसे मानले नाही. फरक विद्यार्थी कोण असावा, यात होता. पहिल्या शाळेत सेवा करणारा शिकत होता. दुसऱ्या शाळेत, ज्याला आजवर सेवेचा विषय मानले गेले, त्याने कारभार हाती घेण्यासाठी शिकावयाचे होते.

समारोप

१९०५ ते १९५६ या अर्धशतकाचा आढावा घेतल्यावर काही निष्कर्ष काढता येतात. सामाजिक कार्यात नवे मार्ग शोधण्याचे कौशल्य शिकवता येते, हे भारत सेवक समाजाच्या सदस्यांनी उभारलेल्या सहकारी, कामगार व आदिवासी संस्थांवरून दिसून येते. मात्र ते कौशल्य तयार उत्तरे देऊन आले नाही. चौकशीची सवय, विविध प्रदेशांचे दर्शन आणि बोलण्यापूर्वी थांबण्याची शिस्त यांतून ते आले. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि पाच वर्षांची मुदत हा त्या योजनेचा गाभा होता. पुढील काळात प्रशिक्षण जसजसे अल्पमुदतीचे व विशेषीकृत होत गेले, तसतसा ही अंगे एकत्र ठेवण्याचा प्रश्न बिकट झाला.

दुसरे म्हणजे, शिक्षणक्रमाचे यश केवळ त्यातील विषयांवर ठरत नाही. प्रवेश कोणाला, यावरही ते ठरते. जोश्यांनी चाळींत काम करताना कामगारांची संघटना हवी असे म्हटले, तेव्हा ते आपल्या संस्थेच्या मर्यादेपलीकडे गेले होते. सेवेचे शिक्षण पूर्ण झाले म्हणजे सेव्य आणि सेवक यांतील अंतर कमी व्हावयास हवे, हा त्याचा अर्थ. गोखल्यांच्या योजनेत हे अंतर राहून गेले आणि आंबेडकरांच्या शाळेला ते मिटविण्यासाठी पुरेसा अवधी मिळाला नाही. पुण्यातील ग्रंथालय आणि मुंबईतील ती अपुरी राहिलेली शाळा यांचा एकत्र विचार केल्याखेरीज भारतातील कार्यकर्ता-शिक्षणाचा इतिहास पूर्ण होत नाही.